सत्तावीस मिनिटे

२ जुलै २०१९. वेळा जागतिक प्रमाणवेळेनुसार. भारतात तेव्हा संध्याकाळ.

काही आठवडे आधी : फायरवॉलने प्रोसेसर कमी वापरावा म्हणून, संकेतस्थळांना संरक्षण देणाऱ्या क्लाउडफ्लेअर या कंपनीत कोडची फेररचना झाली. त्यात रेग्युलर एक्स्प्रेशनला, म्हणजे मजकुरातला ठरावीक पॅटर्न शोधणाऱ्या सूत्राला, आवर घालणारी तरतूदच चुकून निघून गेली.

१३.३१ : लुआ या प्रोग्रामिंग भाषेत चालणाऱ्या फायरवॉलसाठी नवा नियम मंजूर. घातक स्क्रिप्ट ओळखणे हे त्याचे काम.

१३.३७ : चाचण्या हिरव्या. नियम हवे ते पकडतो का, एवढेच त्या पाहत. त्यासाठी प्रोसेसर किती राबतो, हे कुणी मोजतच नव्हते.

१३.४२ : नियम काही सेकंदांत जगभर. नवा हल्ला आला तर तातडीने अडवता यावा म्हणून नियमांना टप्प्याटप्प्याने जाण्याची अट नव्हती. शिवाय हा नियम कुणाला अडवणारही नव्हता, फक्त नोंद करणार होता. पण नोंद करायची तरी पॅटर्न चालवावा लागतोच.

घात होता त्या पॅटर्नच्या शेवटच्या तुकड्यात. त्याचे सोपे रूप असे :

.*.*=.*

टिंब आणि तारा म्हणजे काहीही, कितीही. असे दोन शेजारी आले की मजकूर दोघांत कसा वाटायचा याच्या असंख्य शक्यता होतात. पहिला सगळे गिळतो, पुढे बरोबरचे चिन्ह सापडत नाही, मग एक अक्षर सोडून पुन्हा प्रयत्न. चिन्हाच्या दोन्ही बाजूंना एकेक अक्षर असेल तर २३ पायऱ्या. उजवीकडे वीस अक्षरे झाली की ५५५. नुसती वीस अक्षरे, चिन्हच नाही, तर ४,०६७. न जुळणारा मजकूरच जास्त महाग पडतो.

१३.४५ : पहिली धोक्याची सूचना. प्रोसेसर शंभर टक्क्यांच्या आसपास, ग्राहकांच्या साइटवर ५०२ ही त्रुटी, वाहतूक ८२ टक्क्यांनी घसरलेली. आधी संशय अनोळखी हल्ल्याचा.

१४.०० : दोष फायरवॉलचा, हे निश्चित.

१४.०२ : ती जगभर बंद करण्याचा प्रस्ताव. पुढची पाच मिनिटे मला सर्वांत अस्वस्थ करतात. उपाय ठाऊक होता, पण कंपनीचे अंतर्गत नियंत्रण पॅनेलही तिच्याच कोलमडलेल्या यंत्रणेच्या आड होते. काहींचे लॉगिन तर फारसे वापरले जात नसल्याने सुरक्षेसाठी बंद झालेले. आडवाटेने आत जाण्याचा पुरेसा सराव नव्हता.

१४.०७ : फायरवॉल बंद.

१४.०९ : वाहतूक पूर्ववत.

१४.५२ : तो नियम काढून फायरवॉल पुन्हा सुरू. नंतर काढून टाकलेली तरतूद परत आणली, ३,८६८ नियम हाताने तपासले आणि वेळेची हमी देणाऱ्या रेग्युलर एक्स्प्रेशन इंजिनकडे जायचे ठरले.