कूपर ओढ्याकांठचें झाड

वाळवंटांत माणूस मेला म्हटलें कीं तो तहानेनें मेला, असें आपण धरून चालतों. वर्गांत भूगोल शिकवितांना मीहि तसेंच सांगत असें. गेल्या वर्षीं ऑस्ट्रेलियांत नोकरीस असलेल्या मुलाकडे गेलों, तेव्हां हा समज मोडला.

दक्षिण ऑस्ट्रेलियांतील इन्नामिंका या चिमुकल्या वस्तीपासून पूर्वेस सुमारें ७० कि. मी. वर, क्वीन्सलंडच्या हद्दींत, कूपर ओढ्याच्या कांठीं 'डिग ट्री' नांवाचें जुनें झाड आहे. रस्ता खडीमातीचा, पण चारहि चाकांना जोर असलेली मोटार आणि कोरडी हवा असली, तर माझ्यासारख्या म्हाताऱ्यासहि तो जड जात नाहीं. पाऊस पडला, तर मात्र वाट बंद.

२० ऑगस्ट १८६० रोजीं बर्क व विल्स यांची मोहीम खंड ओलांडण्यासाठीं मेलबर्नहून निघाली. तिच्यासाठीं २४ उंट हिंदुस्थानांतून, त्या वेळच्या मुंबई इलाख्यांतील कराची बंदरांतून नेले होते! लांडा, राजा अशीं त्यांचीं नांवें. बर्क, विल्स, किंग व ग्रे हे चौघे डिसेंबरांत या झाडापासून उत्तरेकडे गेले. तळावर राहिलेल्या ब्राहेला तीन महिने थांबावयास सांगितलें होतें; तो चार महिने थांबला. २१ एप्रिल १८६१ रोजीं सकाळीं, झाडाखालीं शिधा पुरून व 'खणा' अशी खूण कोरून, तो निघाला. त्याच सायंकाळीं तिघे परत आले! ग्रे वाटेंतच वारला होता.

शिधा काढून, आपलें पत्र त्याच खड्ड्यांत पुरून ते पश्चिमेकडे वळले. पण झाडावर नवी खूण केली नाहीं. मनाला चैन न पडून ब्राहे ८ मे रोजीं परत आला. जमीन जशीच्या तशी दिसली. न खणतांच तो माघारीं गेला. या एका आळसाची मला आजहि चीड येते.

ओढा सोडून पुढें पाणी मिळेना, म्हणून तिघे पुन्हां ओढ्यावर आले. येथें पाणी होतें, मासेहि होते. तेथील यांद्रुवांधा लोक मासे आणून देत. बर्कनें संतापून त्यांच्यावर पिस्तूल झाडलें. ते दूर निघून गेले. मग हे नारडू नांवाच्या पाणवनस्पतीचे दाणे दळून खाऊं लागले. ते दाणे योग्य रीतीनें तयार न केल्यास शरीरांतील 'ब-१' जीवनसत्त्व नष्ट करतात. पोट भरे, पण अंगांतील बळ जाई. विल्स गेला, बर्क गेला. किंग मात्र त्याच यांद्रुवांधांच्या आश्रयास गेला. त्यांनीं त्याला सांभाळलें, आणि १५ सप्टेंबर १८६१ रोजीं शोधपथकाला तो जिवंत सांपडला.

'खणा' हीं अक्षरें आतां सालीखालीं बुजून गेलीं आहेत. आम्हीं त्या सावलींत बसून दशम्या खाल्ल्या. समोर डोह तुडुंब भरलेला होता.