वसंत देसाई : शाळेतल्या प्रार्थनांमागचा संगीतकार

शाळेत रोज म्हटलेल्या प्रार्थनेला चाल कोणी लावली, हे आपण सहसा विचारत नाही. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) आणि ‘गुड्डी’ (१९७१) या चित्रपटांतून थेट शाळांपर्यंत पोहोचलेल्या दोन्ही प्रार्थना एकाच मराठी संगीतकाराच्या आहेत. ते म्हणजे वसंत देसाई.

१९१२ साली कोकणात जन्मलेले देसाई ‘प्रभात’मध्ये आले ते नट व्हायला. पडेल ते काम करता करता संगीतात रमले आणि पुढे व्ही. शांतारामांचे हक्काचे संगीतकार झाले. ‘अमर भूपाळी’, ‘झनक झनक पायल बाजे’ त्यांचेच, ‘श्यामची आई’सुद्धा!

‘गुड्डी’त त्यांनी वाणी जयराम हा नवा आवाज आणला, तोही लतादीदींचं राज्य असताना.

२२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला.