वेरूळचे चित्र आणि लंडनची कविता

भिवंडीजवळ लोनाड येथे एक बौद्ध लेणे आहे. 'व्ह्यूज इन द ईस्ट' (१८३०-३३) या लंडनच्या फिशर प्रकाशनसंस्थेने काढलेल्या ग्रंथात ते नाही. घारापुरी, वेरूळ, दौलताबाद आणि विजापूर आहेत. वासाहतिक दृष्टीला कोणते स्थळ 'चित्रमय' वाटले, हा प्रश्न या निवडीतून उपस्थित होतोच. परंतु निवडलेल्या स्थळाचे पुढे काय झाले, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे.

नौदल अधिकारी रॉबर्ट एलियट यांनी जागेवर कच्ची रेखाटने केली. प्राउट, स्टॅनफिल्ड आदी इंग्लंडमधील चित्रकारांनी त्यांवरून नवी चित्रे काढली आणि कारागिरांनी ती पोलादी पत्र्यावर कोरली. तांब्याच्या पत्र्यावरून काही शे चांगले ठसे निघत, पोलादावरून हजारो. साहजिकच एकदा कोरलेला पत्रा प्रकाशक पुन्हा वापरी. प्रत्येक वेळी हवा असे तो फक्त नवा मजकूर. १८३२ पासूनच्या 'ड्रॉइंग रूम स्क्रॅप बुक' या वार्षिकासाठी लेटिशिया एलिझाबेथ लँडन यांच्याकडे आधी चित्रे आली, मग त्यांवर कविता लिहिल्या गेल्या. चित्र हे शब्दाचे अलंकरण, हा रूढ समज येथे टिकत नाही. लँडन यांनी हिंदुस्थान कधीच पाहिला नव्हता.

वेरूळच्या रामेश्वर लेण्यातील (क्र. २१) सांगाड्यांच्या शिल्पाचे उदाहरण बोलके आहे. हे सांगाडे काल-कालीचे मानले जातात. शिवपार्वतीच्या विवाहाचे शिल्प त्याच लेण्यात, पण वेगळे आहे. चित्राखालील ओळीने मात्र सांगाड्यांचा समूह हाच तो विवाह असावा, असा तर्क केला. मथळ्यात निदान 'असावा' तरी होते. कवितेत तेही उरले नाही. तिथे थेट शिवाच्या लग्नाचा सोहळाच आहे. चूक लँडन यांची म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापुढे लेणे नव्हतेच, होती ती चित्राखालची एक ओळ; त्यांची मूळ संहिता तीच. 'पौर्वात्य कल्पनाविलास' असे नाव देऊन अशा कवितांची बोळवण करणाऱ्या समीक्षेने हा छपाईचा व्यवहार फारसा लक्षात घेतलेला नाही.

एलियट यांच्या चित्रांना १८३५ च्या आवृत्तीत एमा रॉबर्ट्स यांनी गद्य वर्णने जोडली. त्यांचा तोवरचा हिंदुस्थानातील मुक्काम बंगाल व उत्तरेकडील शहरांत झाला होता. मुंबईला त्या पोचल्या १८३९ मध्ये, वर्णने छापून झाल्यावर चार वर्षांनी. आणि १८४० मध्ये पुण्यात वारल्या.