पेलिकन, उंट आणि शाईची दौत

दसऱ्याला आमच्याकडे पाटीपूजन असतं. आखनमध्ये पाटी कुठून आणणार? म्हणून पाटावर वह्या, पुस्तकं आणि लेकीचं शाईपेन. यंदा शेजारी माझी जुनी कंपासपेटी ठेवली. झाकणावरचा उंट निम्मा खरवडलेला. लेकीने विचारलं, "बाबा, हा उंट कशाला?" तिच्या पेनावरचा पेलिकन तिला पहिलीपासून ओळखीचा. मला मात्र अक्षरं लागायच्या आधीपासून उंट ठाऊक होता.

गंमत म्हणजे दोघांचीही गोष्ट रंग-शाईच्या धंद्यातली.

पेलिकनची कंपनी 1838 ची, हानोव्हरकडची. 1871 मध्ये ती ग्युंटर वाग्नर यांच्याकडे आली. पेलिकन हे त्यांच्या घराण्याचं चिन्ह, पिल्लांना भरवणारी आई. 1878 मध्ये त्यांनी ते मालावरची खूण म्हणून नोंदवलं. जर्मनीतल्या सर्वांत जुन्या नोंदणीकृत चिन्हांपैकी ते एक. इथे कायद्याचाही हात आहे. 1874 च्या जर्मन कायद्यात नुसता शब्द नोंदवता येत नसे, चित्र लागे. शब्दांना ती मुभा 1894 मध्ये मिळाली. तोवर घरोघरी पक्षी पोचला होता. पुढे चित्रातली पिल्लं कमी होत गेली, आज एकच उरलं आहे. (आपल्याकडच्या "हम दो हमारे दो"लाही मागे टाकलं म्हणायचं!)

आता मुंबई. 1931 साल, स्वदेशीचे दिवस. मिठाचा सत्याग्रह होऊन वर्षच झालेलं, आणि परदेशी मालावर बहिष्कार टाकणाऱ्यांना तो बहिष्कार लिहायलाही शाई लागत होतीच. दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू जी. पी. दांडेकर यांनी शाईची पूड आणि वड्या करायला घेतल्या. त्यांच्यावर उंट नव्हता, घोडा होता: 'हॉर्स ब्रँड'. मग फाउंटन पेनासाठी 'कॅमल' शाई आली, आणि कॅमल व इंक हे दोन शब्द जोडून 'कॅमलिन'. मराठी माणसाला धंदा जमत नाही, असं म्हणणाऱ्यांनी आपली शाळेची पेटी उघडून पाहावी. नंतर सुभाष दांडेकरांच्या काळात रंगपेट्या, खडू, ब्रश हे सगळं त्याच उंटाच्या पाठीवर आलं.

दुकानदाराकडे "उंटाची शाई द्या" म्हणायला इंग्रजी वाचता यावं लागत नव्हतं. चित्राची खरी ताकद ही. म्हणूनच त्यासाठी लोक कोर्टातही जातात. आपल्या आखनच्या कारखान्यातल्या लिंट सशाचंच पाहा, त्याच्या सोनेरी रंगालाही संरक्षण मिळू शकतं, असं 2021 मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मान्य केलं.

मालक मात्र बदलतात. 2011 मध्ये जपानच्या कोकुयोने कॅमलिनचा मोठा हिस्सा घेतला. ते वाचून मला उगीचच वाईट वाटलं होतं, घरातलं कुणी परगावी दत्तक गेल्यासारखं. पेलिकनही अलीकडे फ्रेंच कंपनीकडे गेला, इथे शेजाऱ्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. स्वदेशीच्या चळवळीत जन्मलेल्या उंटाबद्दल मला वाटलं, ते कदाचित त्यामुळेच.

हे सगळं मी लेकीला सांगितलं. तिने लक्ष देऊन ऐकलं, मग विचारलं, "पण आधीच्या घोड्याचं काय झालं?" मला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी पूजा उचलली तेव्हा कंपासपेटी जागेवर नव्हती. तिच्या दप्तरात सापडली, आत पेलिकनची निळी शाई भरलेल्या नळ्या.