कामतघरची नवी मुले आणि शाळेची भाषा

भिवंडीच्या कामतघरात वऱ्हाळदेवीचा तलाव आहे. त्या बाजूच्या वस्तीतून चालत गेलात, तर मागांच्या खडखडाटातून तेलुगू बोल कानी पडतात. तेलंगणातले पद्मशाली विणकर पोटामागे इकडे आले. उत्तरेकडचे मोमीन विणकर त्यांच्याही आधीचे. पुढे हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली, आणि १९८२ च्या मुंबईतील गिरणी संपानंतर तर भिवंडीतले माग झपाट्याने वाढले.

मागाला तेलुगूत ‘मग्गम’ म्हणतात. बापाला परमुलखात आपल्या धंद्याचा शब्द जवळजवळ तयारच मिळाला, असे म्हणा ना! मुलाला मात्र शाळेत तसे काही मिळत नाही. गुरुजी फळ्यावर सांगतात, ‘एकोणतीस लिहा.’ तेलुगूत एकोणतीसला ‘इरवै तोम्मिदी’ म्हणतात, म्हणजे सरळ वीस आणि नऊ. आपल्या ‘एकोण’मध्ये एक वजा करायचा असतो, हे त्या पोराला कुणी सांगितलेलेच नसते. ते तीस ऐकते आणि एकोणचाळीस लिहून मोकळे होते. मग शेरा पडतो: गणितात कच्चा. वास्तविक त्याला बेरीज-वजाबाकी चांगली येत असते. अशी दोन वर्षे गेली, की पोर शाळेऐवजी कांड्या भरायला बसते.

आता अशा मुलाला वाटा कोणत्या? एक, आपल्या भाषेची शाळा. बालभारती मराठीबरोबर तेलुगूतही पुस्तके काढते. तिथे मूल लवकर वाचू लागते. पण बाजार, कचेरी आणि पुढची नोकरी मराठीत. दुसरी वाट, थेट मराठी शाळा. तिथे भाषा कानावर पडते खरी, पण आधार नसेल तर मूल मागल्या बाकावर मुके होऊन बसते. आईबापांनी यातली कोणतीही वाट धरली तरी त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

आमच्या मते खरा प्रश्न दोन वाटांमधल्या पुलाचा आहे, आणि तो विचार जुना आहे बरं का! ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांची परिषद भरली. तिने ठरवले, की प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून व्हावे. एका भाषेची मुले वर्गात १० किंवा शाळेत ४० असली, तर त्या भाषेचा निदान एक शिक्षक नेमावा. प्रादेशिक भाषा तिसरीच्या आधी सुरू करू नये. हे आकडे पुष्कळांनी सांगितले आहेत. त्याच ठरावातली पुढची गोष्ट मात्र विसरली गेली: प्राथमिकनंतर मूल प्रादेशिक भाषेच्या वर्गात आले, की पहिली दोन वर्षे त्याला प्रश्नांची उत्तरे मातृभाषेत देण्याची मुभा असावी. प्रश्न मराठीत, उत्तर तेलुगूत! म्हणजे मुलाला कळले किती आणि बोलता येते किती, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या मंडळींनी ओळखले होते. पुढे १९५६ मध्ये ३५० अ हे कलम घटनेत आले, मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणासाठी. त्यात ही दोन वर्षांची मुभा नाही.

आज आपली मराठी कुटुंबे नोकरीसाठी हॉलंडात जातात. तिथे नव्या मुलाला साधारण वर्षभर वेगळ्या वर्गात डच शिकवतात, आणि मग नेहमीच्या वर्गात धाडतात. ते मूल अभियंत्याचे, हे विणकराचे, अडचण तीच.

आपल्याकडेही कायदा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्ग आणि सोबत विशेष प्रशिक्षण द्यायचे आहे. केंद्राच्या नमुना नियमांत त्याची मुदत किमान तीन महिने, जास्तीत जास्त दोन वर्षे. जुन्या शाळेचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. गुरुजी, हे प्रशिक्षण म्हणजे मागचा अभ्यास उरकणे एवढेच धरू नका. त्यातला पहिला महिना निव्वळ बोलण्याला द्या. ‘अक्का’ म्हटले, की थोरली बहीण त्यालाही कळते आणि आपल्यालाही. तिथून सुरुवात करा, आणि ‘एकोणतीस’ थोडे थांबून घ्या.