खंबाटकी घाटातलं ओलं फडकं

पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकी घाटात, ऐन उन्हाळ्यात, बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या पद्मिनी गाड्या अनेकांना आठवत असतील. ड्रायव्हर इंजिनाला जोडलेल्या एका छोट्या डबीवर ओलं फडकं ठेवायचा आणि वाट बघायचा. ती डबी म्हणजे पेट्रोलचा पंप. इंजिनाबरोबर त्यातला पडदा वरखाली होई आणि मागच्या टाकीतलं पेट्रोल ओढलं जाई. ओढताना दाब कमी होतो, त्यात इंजिनाची धग; पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंप नुसती वाफच ओढत बसायचा. पडदा फाटलाच, तर मेकॅनिक रस्त्याकडेला बदलून देई.

यावरचा उपाय सांगलीकडच्या शेतकऱ्याला सहज सुचला असता. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली ती त्याच्याच जिल्ह्यात. पंप त्याला नवा नाही. काठावरचा पंप सात-आठ मीटरखालचं पाणी ओढू शकत नाही, म्हणून बोअरमध्ये पंपच खाली सोडतात. तो पाणी वर ढकलतो. मोटारीतही तेच झालं. २००० साली प्रदूषणाचे नवे नियम आले, कार्ब्युरेटर मागे पडला, इंजेक्शनची इंजिनं आली आणि विजेवरचा पंप टाकीतच, पेट्रोलमध्ये बुडवला गेला.

फडकं गेलं, पण रस्त्याकडेची दुरुस्तीही गेली. आता पुष्कळ गाड्यांत मागची सीट उचलावी लागते. नळीतला दाब उतरवून, बॅटरीची तार सोडून मगच पंप निघतो. त्याआधी फ्यूज, रिले आणि फिल्टर तपासायला जरूर सांगा. कधी कधी पंप बिचारा निर्दोष असतो. आणि टाकी तळाला जाऊ देऊ नका, कारण त्या पंपाला गारवा पेट्रोलचाच.