खतं कुणाच्या घरी?

देहूरोड स्टेशनवरून इंद्रायणीकाठच्या देहूत गेलं की कर्जखतांची कथा हमखास ऐकू येते. तुकोबांचं घराणं महाजनकीचं. परंपरा सांगते, भाऊ कान्होबाला निम्मी खतं वाटून दिली. उरलेली, स्वतःच्या वाट्याची, डोहात सोडली.

व्यवहार ऋणकोचा, कागद सावकाराच्या पेटीत!

वेबवरही तेच झालं: माहिती आपली, ताबा कंपन्यांकडे. १९८९ साली वेबची कल्पना मांडणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी पुढे एमआयटीत ‘सॉलिड’ हे खुलं मानक हे बदलण्यासाठीच हाती घेतलं. फोटो, पत्ते, दवाखान्याचे रिपोर्ट आपल्या ‘पॉड’मध्ये, म्हणजे स्वतःच्या ताब्यातल्या डेटापेटीत; मालकाने परवानगी दिली तरच ॲपला ते वाचता येतात. परवानगी मागे घेता येते, पण ॲपने आधीच उतरवून घेतलेली प्रत मात्र बुडवता येत नाही. सॉलिड पुढे नेण्यासाठी २०१८ मध्ये बर्नर्स-ली यांनी ‘इनरप्ट’ कंपनी जाहीर केली. आपलं डिजिलॉकर २०१५चं. पण ते कपाट सरकारी.